केसगळती: तेल, गमी की औषध? कशाआधी काय करायचं

मेडिकलच्या काउंटरवर केसगळतीची चौकशी बहुतेक वेळा एकाच पद्धतीने सुरू होते. माणूस मोबाइल पुढे करतो, स्क्रीनवर जाहिरातीतली बाटली असते आणि प्रश्न येतो, "हे आहे का तुमच्याकडे?" केस कशाने गळतायत असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "टेन्शन असेल" किंवा "आमच्याकडचं पाणी खराब आहे." म्हणजे इलाज ठरला, आजार ठरायचा बाकी आहे. दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस वेगळी बाटली शोधत पुन्हा येतो.

नैसर्गिक बरं की तपासलेलं औषध बरं, हा वाद घरोघरी चालतो. पण केस कुठल्या प्रकारे गळतायत हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर निघत नाही. काही गळती आपोआप थांबते, तेव्हा हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. काही गळती आपोआप कधीच थांबत नाही, आणि तिथे तेलावर घालवलेली वर्षं भरून येत नाहीत. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या चार होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

१. केस गळतायत की तुटतायत ते बघा

कंगव्यातले आणि मोरीच्या जाळीवरचे दहा-पंधरा केस उचला आणि एकेक केस उजेडात धरा. एका टोकाला टाचणीच्या टोकापेक्षा बारीक पांढरट गोळा दिसला, तर तो केस मुळापासून सुटून आलाय. गोळा नाही, तुकडे कमी-जास्त लांबीचे आहेत, टोकं फाटलेली आहेत, तर केस मधेच तुटलाय.

पांढरा गोळा दिसला की "मूळच उपटून आलं" म्हणून लोक घाबरतात. केस तयार करणारी पिशवी त्वचेखाली जागेवरच असते. केसाची मुदत संपली की तो असाच गोळ्यासकट सुटतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईला तीन-चार दिवसांचे केस एकदम दिसतात, तेही हिशेबात धरा.

तुटणाऱ्या केसांची कारणं बाहेरची असतात: स्ट्रेटनिंग, वारंवार रंग, ओल्या केसांत ओढलेला कंगवा, टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी. तुम्ही या गटात असाल तर मिनॉक्सिडिलचा, म्हणजे केसगळतीवर डोक्याला लावायच्या औषधाचा, काही उपयोग नाही. सरळ पायरी ८ वर जा.

*थांबा, आधी डॉक्टर:* रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा म्हणजे चाई पडली असेल, डोक्याची त्वचा दुखत असेल, पू किंवा खपली असेल, भुवया विरळ होत असतील, चट्ट्यावरची त्वचा चकचकीत होऊन छिद्रं दिसेनाशी झाली असतील, किंवा लहान मुलाच्या डोक्यावर खवले धरून केस जात असतील, तर पुढची एकही पायरी घरी करू नका. यातल्या काही प्रकारांत केसांची मुळं कायमची मरतात, तिथे आठवडेसुद्धा मोलाचे असतात.

२. कॅलेंडर तीन महिने मागे न्या

लोक हीच पायरी सर्वांत जास्त गाळतात.

जोराचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, मोठा रक्तस्राव, उपाशी राहून घटवलेलं वजन किंवा घरातला मोठा धक्का बसला की बरेच केस वेळेआधी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. पण ते लगेच गळत नाहीत. विश्रांतीची ही अवस्था साधारण तीन महिन्यांची असते, त्यानंतर केस एकदम सुटू लागतात. मुंबईत डेंग्यू-टायफॉइडचे रुग्ण वाढतात जुलै ते सप्टेंबरमध्ये आणि त्यांच्या उशीवर केस दिसू लागतात दिवाळीच्या आसपास. तोवर ताप विसरलेला असतो, म्हणून दोष जातो नव्या शॅम्पूवर.

कारण संपलेलं असेल तर ही गळती सहसा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. आता हिशेब करा. गळती ऐन जोरात असताना कुणी भृंगराजाचं तेल किंवा बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गम्या, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, सुरू केल्या, तर तीन-चार महिन्यांनी "फरक पडला" असं तो शपथेवर सांगणार. तो खोटं बोलत नाही, पण काहीच न करता शेजारच्याचाही तेवढाच फरक पडला असता. नैसर्गिक पूरकांच्या कौतुकाचा फार मोठा भाग इथून येतो.

वहीत लिहून काढा: गळती कधी सुरू झाली, त्याआधीच्या दोन ते चार महिन्यांत काय घडलं, कुठली नवी गोळी सुरू झाली. आई-वडील, मामा, काका, आजोबा यांच्यापैकी कुणाचे केस कसे गेले, तेही लिहा.

*तपासून पाहा:* सगळ्या डोक्यावरून सारखे केस जातायत आणि मागे ठोस कारण सापडतंय, तर बहुधा ही तात्पुरती गळती आहे. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि टाळू, बायकांत भांग रुंद होणं, वर्षानुवर्षं हळूहळू चाललेलं, घराण्यात आहे, तर ती आनुवंशिक गळती. तिच्यात डीएचटी या संप्रेरकामुळे मुळं लहान होत जातात आणि दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक उगवतो. दोन्ही एकत्रही असू शकतात.

३. औषधाआधी फोटो

आरशावर विश्वास ठेवू नका. रोज बघणाऱ्या डोळ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही, आणि चिंता असली की नसलेला बदलही दिसतो.

खिडकीशी किंवा गॅलरीत, सकाळच्या ठरावीक वेळी, कोरड्या आणि तेल न लावलेल्या केसांचे चार फोटो काढा: समोरून कपाळाची रेषा, दोन्ही कानशिलं, आणि वरून टाळू. बायकांनी मधोमध भांग पाडून वरून एक जादा फोटो घ्यावा. घरातल्या कुणाला तरी काढायला सांगा, सेल्फीत अंतर बदलतं. फ्लॅश बंद ठेवा, कारण फ्लॅशमध्ये कुणाचीही टाळू चमकते. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी. ओल्या केसांचा "आधी"चा फोटो आणि कोरड्या, फुगवलेल्या केसांचा "नंतर"चा फोटो ही जाहिरातीतली जुनी चलाखी आहे, ती स्वतःवर करू नका.

४. रक्ततपासणी, आणि तीही बायोटिन बंद करून

डॉक्टर सहसा सीबीसी, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, ब१२ आणि ड जीवनसत्त्व सांगतात. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर लव वाढली असेल, तर बायकांना संप्रेरकांच्या तपासण्याही करायला लावतात. नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा खाली गेलेला असू शकतो, तो फेरिटिनमध्ये दिसतो. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या आणि दोन वेळच्या जेवणाला लागून चहा घेणाऱ्या बायकांत हे सर्रास आढळतं.

गोंधळ होतो तो इथे. केसांच्या गमी-गोळ्यांत बायोटिन ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं, आणि दिवसाची गरज असते ३०-४० मायक्रोग्रॅमच्या आसपास. एवढं बायोटिन रक्तात असताना काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात आणि थायरॉइड वाढल्यासारखं दिसतं. त्याहून गंभीर म्हणजे हार्ट अटॅकसाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणी खोटी नॉर्मल येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा दिला. तपासणीच्या निदान दोन-तीन दिवस आधी बायोटिन थांबवा आणि लॅबवाल्याला तसं सांगा. छातीत दुखतं म्हणून इमर्जन्सीत न्यायची वेळ आली, तर घरच्यांनी तिथल्या डॉक्टरांना बायोटिनचं सांगितलंच पाहिजे.

*इशारा:* कमतरता निघाली तर ती डोस ठरवून भरा. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असतं, रोज एक घेणारे लोक मला भेटलेत. लोहाची गोळी चहा, दूध आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर ती अंगी चांगली लागते.

५. डॉक्टर निवडताना

त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एम.डी., डी.एन.बी. किंवा डिप्लोमा त्वचारोग विषयात असलेला डॉक्टर. "हेअर एक्स्पर्ट", "ट्रायकॉलॉजिस्ट" अशी पाटी असेल तर खाली पदवी कुठली आहे ते वाचा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीच गैर नाही. पहिल्याच भेटीत, डोकं न बघता, बारा सीटिंगचं पॅकेज आणि ईएमआय पुढे करणाऱ्या क्लिनिकमधून उठून या.

खर्च परवडत नसेल तर परळचं केईएम, शीव, नायर, कूपर आणि भायखळ्याचं जे.जे. या सगळ्या ठिकाणी त्वचारोग विभाग आहे. स्किन ओपीडीचे वार आणि वेळ आधी विचारा आणि केसपेपरसाठी सकाळी लवकर पोहोचा. बरोबर वही, फोटो, रिपोर्ट आणि सध्या चालू असलेली प्रत्येक बाटली न्या, आयुर्वेदिक काढ्यासकट. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी मोजकी मिनिटं असतात, तयारी असली तर ती पुरतात.

६. दावा वाचायला शिका

"क्लिनिकली प्रूव्हन" हे शब्द दिसले की चार प्रश्न विचारा. अभ्यास माणसांवर झाला का? बनावट औषध, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं, घेणारा दुसरा गट तुलनेला होता का? किती महिने चालला? आणि सर्वांत महत्त्वाचं, कुठल्या गळतीवर झाला?

कांद्याचा रस घ्या. त्याच्यावर २००२ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे, पण तो चाईवर. चाई बऱ्याचदा आपोआपही भरते. कपाळाचे कोपरे मागे सरकलेल्या पुरुषाला त्या अभ्यासाचा काडीचा उपयोग नाही, तरी घराघरात कांदे किसले जातायत.

रोजमेरी तेलावर २०१५ साली इराणमध्ये १०० जणांवर अभ्यास झाला. सहा महिन्यांनी ते २ टक्के मिनॉक्सिडिलच्या बरोबरीने ठरलं. जाहिरातीत मात्र "मिनॉक्सिडिलइतकंच प्रभावी" एवढंच येतं. पुरुषांना सहसा ५ टक्के देतात, आणि त्या अभ्यासात काहीही औषध नसलेला तिसरा गट नव्हता, या दोन गोष्टी गळतात.

भोपळ्याच्या बियांच्या तेलावर २०१४ मध्ये कोरियातल्या ७६ पुरुषांवर बनावट गोळीशी तुलना करून चाचणी झाली. २४ आठवड्यांनी केसांची संख्या तेल घेणाऱ्यांत ४० टक्के आणि बनावट गोळीवाल्यांत १० टक्के वाढली. ऐकायला छान आहे, पण त्या कॅप्सूलमध्ये इतरही घटक होते आणि अभ्यास लहान होता. सॉ पाल्मेटो या ताडजातीच्या झाडाच्या फळाच्या अर्काची फिनास्टेराइड या केसगळतीवरच्या गोळीशी दोन वर्षं तुलना झाली, तेव्हा सुधारणा ३८ टक्के विरुद्ध ६८ टक्के अशी दिसली. म्हणजे अगदी शून्य नाही, पण औषधाच्या बरंच मागे. आपल्या माक्यावर, म्हणजे भृंगराजावर, उंदरांवरचे प्रयोग आहेत. माणसांवरची मोठी, नीट चाचणी मात्र कंपन्या दाखवत नाहीत. त्यांना ती विचारायलाच हवी.

आता बाटलीची मागची बाजू वाचा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना असेल तर कायद्याने ते अन्न आहे, आजार बरा करतं हे सिद्ध करून ते बाजारात आलेलं नाही. आयुर्वेदिक परवाना असेल तर तो वेगळा. आणि टक्कल घालवतो किंवा नवे केस उगवतो असा दावा औषधाला करताच येत नाही. १९४५ च्या औषध नियमांच्या शेड्यूल 'जे'मधल्या यादीत या दोन्ही गोष्टी आहेत. अशी जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट आणि बाटलीचा फोटो घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

*इशारा:* "नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य मनातून काढून टाका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण कावीळ झालेल्या माणसाने काढा चालू ठेवावा असं कुणीच म्हणणार नाही. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात, आणि हे दोन्ही मल्टिव्हिटॅमिन आणि गमी एकत्र घेतल्यावर दुप्पट होतात. २०२४-२५ च्या हिवाळ्यात बुलढाण्यात शेगावच्या आसपासच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडेच बोट दाखवलं होतं.

७. आनुवंशिक गळती असेल तर औषध, एका वेळी एकच

इथे माझं मत स्पष्ट आहे. आनुवंशिक गळतीत तपासलेल्या औषधाने सुरुवात करा, पूरकांनी नाही. मुळं एकदा पार बारीक झाली की औषधालाही फारसं काही करता येत नाही, त्यामुळे "आधी वर्षभर नैसर्गिक करून बघतो" हे वर्ष महागात पडतं.

*मिनॉक्सिडिल:* पुरुषांना सहसा ५ टक्के, १ मिली दिवसातून दोनदा. बायकांना २ टक्के दोनदा किंवा ५ टक्के फोम एकदा. डॉक्टर सांगतील ते धरा. लावायची रीत चुकली की औषध केसांवर वाळतं आणि त्वचेपर्यंत पोहोचत नाही. रीत अशी: डोकं पूर्ण कोरडं हवं, घामेजलेलं असेल तर आधी पंख्याखाली बसा. ड्रॉपर १ च्या खुणेपर्यंत भरा. विरळ भागात कंगव्याने भांग पाडा, उघड्या त्वचेवर चार-पाच थेंब टाका, बोटाने पसरवा, बोटभर बाजूला दुसरा भांग पाडा. चोळायची गरज नाही. हात साबणाने धुवा. चार तास डोकं भिजवू नका, रात्री लावलं तर वाळल्यावरच उशीला टेका, नाहीतर कपाळावर लव येते. लोकल पकडायच्या घाईत ओल्या डोक्यावर लावून हेल्मेट चढवणारे म्हणतात, "औषध लागू पडत नाही." तेल लावायचं असेल तर धुण्याच्या आधी लावा. मिनॉक्सिडिलवर तेलाचा थर नको. घरात मांजर असेल तर फार जपा, हे औषध मांजरांसाठी जीवघेणं ठरू शकतं.

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस आणखी गळू शकतात. जुने केस सुटून नव्यांना जागा होते म्हणून हे घडतं. बहुतेक लोक नेमके तिथेच बाटली टाकून देतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात. हातपाय सुजणं, धडधड किंवा चक्कर आली तर मात्र थांबवा आणि डॉक्टर गाठा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी सुरू करण्याआधीच विचारावं.

*फिनास्टेराइड:* पुरुषांसाठी रोज १ मिलिग्रॅमची गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. दोन वर्षांच्या चाचण्यांत ८३ टक्के पुरुषांच्या केसांची संख्या टिकली किंवा वाढली, बनावट गोळीवाल्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. पहिल्या वर्षात लैंगिक तक्रारी ३.८ टक्क्यांना झाल्या, बनावट गोळीवाल्यांत २.१ टक्क्यांना. आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्य केलं, म्हणून नैराश्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. मन उदास राहू लागलं तर गोळी थांबवून भेटायला जा. प्रोस्टेटसाठी पीएसए तपासणी करताना सांगा, या गोळीने तो आकडा निम्म्यावर येतो. रक्तदान शिबिरातही सांगा.

*मोठा इशारा बायकांसाठी:* आपल्याकडे मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड एकत्र असलेली लोशनं मिळतात, आणि बाटल्या दिसायला सारख्याच असतात. नवऱ्याची बाटली बायकोने लावणं हे घरोघरी चालतं. गर्भारपणात फिनास्टेराइडमुळे मुलग्याच्या वाढीला धोका असतो. मूल हवं असेल, दिवस राहिले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर नुसतं मिनॉक्सिडिलही विचारल्याशिवाय नको.

८. तेल, आवळा, पूरकं: त्यांची जागा कुठे

केस तुटत असतील तर खोबरेल खरंच कामाचं आहे. धुण्याआधी लावलं तर केसातून प्रथिनं कमी जातात, हे २००३ च्या अभ्यासात दिसलं. तो मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी केला होता, म्हणजे खोबरेल विकणाऱ्यांनीच. हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष पटण्यासारखा आहे. पण तेल केसाला जपतं, मुळातून नवा केस आणत नाही. कोंडा असेल तर तेल थापून ठेवू नका, कोंडा वाढतो.

तात्पुरत्या गळतीत पोटभर जेवण हेच पूरक आहे: दोन्ही वेळा डाळ, उसळ, अंडी किंवा मासे, हिरवी पालेभाजी, आवळा. कमतरता नसताना बायोटिनने केस वाढतात याला चांगला पुरावा नाही. सॉ पाल्मेटो किंवा भोपळ्याच्या बियांचं तेल घ्यायचंच असेल, तर औषध सहा महिने स्थिरावल्यावर, डॉक्टरांना सांगून आणि एका वेळी एकच. पाच गोष्टी एकाच सोमवारी सुरू केल्या, तर खाज कशाने आली आणि केस कशाने आले, दोन्ही कधीच कळत नाही.

९. सहा महिन्यांनी निकाल

पहिल्या महिन्याचे आणि सहाव्या महिन्याचे फोटो शेजारी ठेवा आणि तारखा न सांगता घरातल्या कुणाला तरी "दाट कुठला?" असं विचारा. गळती थांबून केस जिथल्या तिथे राहिले असतील तर आनुवंशिक गळतीत हेही यशच आहे, औषध चालू ठेवा. काहीच फरक नसेल तर आधी नियमितपणा तपासा: बाटली ६० मिलीची असेल आणि दिवसाला २ मिली लागत असेल, तर ती महिन्यात संपायला हवी. तीन महिने पुरली असेल तर औषध हरलेलं नाही, ते लावलंच गेलं नाही. वापर नीट असूनही वर्षभरात फरक नसेल, तर नवी बाटली घेण्याआधी निदान पुन्हा करून घ्या.

बंद करताना एवढं ध्यानात असू द्या: मिनॉक्सिडिल सोडल्यावर त्याने टिकवलेले केस तीन-चार महिन्यांत जातात. म्हणून लग्न, बारसं, परदेशी मुक्काम जवळ असेल तर बाटली संपण्याआधी पुढची आणून ठेवा. तिच्यावरची टक्केवारी आणि घटक मात्र दर खेपेला नव्याने वाचा, कारण मेडिकलवाल्याने बदलून दिलेली बाटली त्याच कंपनीची असली तरी आतलं औषध तेच असेल असं नाही.